अर्धं वाक्य

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या त्या गल्लीत दिवेलागणीला वरच्या मजल्याच्या खिडकीतून त्रिशरण-पंचशीलाची वंदना ऐकू आली, की खालचा पानवाला चुना लावता लावता थांबायचा. आवाजच तसा होता, भरदार आणि स्वच्छ, पालीचा एक शब्द इकडचा तिकडे नाही. कुणी नवखं गिऱ्हाईक वर बघून विचारायचं, कोण राहतं हो तिथं? "गजभियेजी हैं," पानवाला सांगायचा. "लकवा मार गया, बोल नहीं पाते, पर भगवान का नाम नहीं छूटा." गिऱ्हाईक हात जोडायचं. आणि वर खोलीत त्याच वेळी नंदाबाई नवऱ्याच्या अंगाखालची ओली चादर ओढून काढत असायची. नागसेन गजभिये वंदना म्हणत नव्हते, बायकोला हाका मारत होते, हे त्या गल्लीत तिला एकटीला माहीत होतं.

झालं होतं असं. मागच्या वर्षी होळीनंतर गजभियेबाबू सकाळी दाढी करता करता आरशासमोरच खाली बसले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात नि उजवा पाय लाकडाचा झाला होता आणि तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, आठवतंही, पण बोलायला गेलं की शब्द सापडत नाही. साधं पाणी मागायचं तर ओठ हलायचे, मानेच्या शिरा फुगायच्या, शेवटी डोळे भरून यायचे, आणि पाणी मागायचं राहून जायचं.

मग एका संध्याकाळी नंदाबाईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले, वंदना सुरू केली, आणि मागून पलंगावरून दुसरा आवाज तिच्या आवाजात मिसळला. तिने वळून बघितलं. बाबू म्हणत होते! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता. तिने रडत रडत जवळच्या पनागरला लेकीला फोन केला. एकता दुसऱ्या दिवशी सकाळी खव्याची जलेबी घेऊन हजर. बापापुढे बसली, म्हणाली, बाबा, माझं नाव घ्या. बाबूंनी तोंड उघडलं, जोर लावला, आणि बाहेर आली ती वंदनेची पहिली ओळ. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तीच ओळ. एकता आधी हसली, मग खिडकीकडे तोंड करून बसली. जलेबीला कुणी हात लावला नाही.

दवाखान्यातल्या अमिता मॅडम, ज्या अशा लोकांना बोलायला शिकवतात, त्यांनी नंतर समजावून सांगितलं. जे रोजच्या रोज म्हणून म्हणून पाठ झालेलं असतं, गाणं, प्रार्थना, शिवी, ते डोक्यात निराळ्या कोपऱ्यात असतं. घर जळालं तरी तो कोपरा कधी कधी वाचतो. बाबूंनी जन्मात कधी शिवी दिली नव्हती, नाहीतर तीही कामाला आली असती.

त्या वाचलेल्या कोपऱ्याची पहिली परीक्षा विहारातल्या मंडळींनी दिली. एका रविवारी विहाराचे जुने सचिव लहानूजी चार माणसं घेऊन बाबूंना बघायला आले. नंदाबाई आत चहा टाकत होती. बाबूंनी मंडळींकडे बघितलं आणि वंदना सुरू केली. मंडळी गहिवरली, ताडकन उभी राहिली, हात जोडून बाबूंच्या मागे म्हणायला लागली. बाबूंचा आवाज चढला, यांचाही चढला. बाबूंनी डावा हात हलवला, तर यांना वाटलं भावना दाटून आली. सगळी वंदना यथासांग पार पडेपर्यंत लहानूजींच्या गालावरून श्रद्धेचं पाणी ओघळलं. नंदाबाई चहा घेऊन आली, तिने नवऱ्याचा लाल चेहरा बघितला, मग चादर बघितली, आणि चहा बाहेरच्या खोलीत घ्या म्हणून मंडळींना अदबीनं बाहेर काढलं. बाबूंना लघवीचं भांडं हवं होतं हो. एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात ते आलं नाही, आणि बिचाऱ्यांचा दोष तरी काय? वंदना म्हणणाऱ्या माणसाला भांडं कोण देतं?

तेव्हापासून नंदाबाई ती भाषा शिकली. हळू आवाजात, रेंगाळत सुरू झालं तर तहान. घाईत, शब्दावर शब्द चढवत, तर भांडं. आणि मोठ्यानं, सगळी गल्ली दणाणेल असं, तर त्याचा अर्थ एकच, नंदा दिसत नाही. ती खाली दुधाला गेली की मोठा आवाज. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की मोठा आवाज. न्हाणीघराचं दार लावलं की मोठा आवाज, आणि साबण डोळ्यांत घेऊन "आली, आली" म्हणत बाहेर यायचं. शेजारणी म्हणायच्या, किती नशीबवान बाई, असा धार्मिक नवरा! नंदाबाई हसून मान हलवायची. नशीब कसलं, दावं होतं ते, फक्त पालीत वळलेलं.

आणि ते तोडायला गेलं तर तुटेना. एकताने रोशनी नावाची आया लावून बघितली. तिच्या हातचा चमचा दिसला की बाबू दात आवळायचे, आणि मग घसा बसेपर्यंत वंदना. आठवडा सरायच्या आत रोशनी चप्पल घालून उभी. "माताजी, हमसे नहीं होगा," ती म्हणाली. "हमको देखते ही पाठ करने लगते हैं, जैसे भूत देख लिया हो." पनागरला न्यायचं म्हटलं तर बाबू पलंगाची दांडी डाव्या हाताने धरून ठेवायचे. पोरगा अश्वजीत बंगळुरूला, त्याचा फोन यायचा, "आई, तू तो बहुत स्ट्राँग है." त्या शब्दाने तिचं डोकं फिरायचं. बैलाला तुझे खांदे मजबूत आहेत म्हटलं की गाडी हलकी होते काय?

दोन खोल्या, एक खिडकी, एक जिना. त्या जिन्याच्या खाली जबलपूर शहर चालू होतं, लग्नं होत होती, बाजार भरत होते, आणि नंदाबाईला त्यातलं फक्त ऐकू येत होतं.

पण तिचं खरं दुखणं ह्या पलंगापेक्षा जुनं होतं. ते सांगायला तीस-बत्तीस वर्षं मागे जायला हवं.

नंदाबाई उमरेडची. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, तिच्या माहेरच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं आणि वाचायचे तिचे वडील. त्यांचे डोळे अधू झाले तसं पोरगी शेजारी बसून वाचायला लागली. वाचनाची गोडी तिला तिथं लागली. लग्न होऊन जबलपूरला आली तर इथल्या विहारातही तीच पद्धत, फक्त वाचायला पुरुष. कुणी नियम केला नव्हता, पण चालत आलेलं होतं. विहाराचा ग्रंथ जाडजूड, कुणा जुन्या जाणत्याने सोप्या मराठीत लिहिलेला. त्याचं शेवटचं पान अश्विनी पौर्णिमेला वाचायचं, मग सगळ्यांनी, उत्तम झालं अशा अर्थाने, तीनदा "साधू" म्हणायचं, मग खीर.

लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची अश्विनी पौर्णिमा. त्या वेळी वाचक लहानूजी होते आणि ऐन दिवशी त्यांचा घसा बसला. मंडळी खोळंबली. बायकांनी नंदाला पुढे ढकललं, तू तर शिकलेली, वाच ना. ती लाजत लाजत बसली आणि वाचायला लागली, आणि दोन ओळींत तिची लाज पळाली. उमरेडच्या त्या संध्याकाळी, वडिलांचा हुंकार, सगळं परत आलं. विहार शांत ऐकत होता. शेवटचं वाक्य आलं: "पेरलेलं सगळंच उगवत नाही, पण उगवतं ते..."

तेवढ्यात मागून हात आला. गजभियेबाबू सिविल लाइंसच्या कचेरीतून थेट आले होते. त्यांनी ग्रंथ तिच्या हातातून उचलला आणि उभ्या उभ्या, आपल्या त्या भरदार आवाजात, वाक्य पुरं केलं: "...पेरलेलंच असतं." मग बायकोकडे बघून हसत म्हणाले, "ग्रंथ राहू दे गडीमाणसाईसाठी. तिकडं खीर लागून राहिली, ते पाह्य."

सगळे हसले. नंदाही हसली. तिला पुढे आयुष्यभर सलत राहिलं ते इतरांचं हसणं नव्हे, तिचं स्वतःचं. मांडवामागे जाऊन तिने पातेलं ढवळलं. खीर कुठेच लागली नव्हती.

पुढच्या वर्षापासून वाचक गजभियेबाबू, आणि खीर नंदाबाईची. बाबूंचे केस पांढरे झाले तरी तसंच. माणूस वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. दारू नाही, बायकोवर कधी हात नाही, पगार आणून हातात द्यायचे. असल्या नवऱ्याची तक्रार करायला जावं तर ऐकणाऱ्याला त्यात तक्रार सापडत नाही. आणि बाबू तो प्रसंग विसरूनही गेले असतील, अशीच तिची समजूत होती. ती मात्र विसरली नाही. त्या दिवसानंतर तिने ग्रंथाला हात लावला नाही. मनात एक हिशेब धरून बसली, की म्हातारपणी, दोघंच असू तेव्हा, कधीतरी हा माणूस आपणहून म्हणेल, नंदा, त्या दिवशी माझं चुकलं. एवढं एक वाक्य तिला हवं होतं. म्हातारपण आलं, दोघंच राहिले, आणि ज्या तोंडातून ते यायचं त्याला असं कुलूप लागलं की किल्ली आतच राहिली. बंद खोलीपेक्षा हे तिला जास्त घुसमटवायचं.

अमिता मॅडमनी उपाय सांगितला तो ऐकून तिला हसावं की रडावं कळेना. बाबूंना जे पाठ आहे त्याच्याच आधाराने बोलणं परत आणायचं, त्या म्हणाल्या. तुम्ही अर्धं वाक्य म्हणा आणि थांबा, उरलेलं त्यांना म्हणू द्या. कोणतं पुस्तक त्यांना चांगलं येतं? आता हे काय विचारायचं! घरात कपाटावर पांढऱ्या फडक्यात बांधलेली ग्रंथाची एक प्रत होती. नंदाबाईने फडकं सोडलं.

रोज सकाळी अंग पुसून झालं, चहा झाला, की ती पलंगाशी स्टूल घेऊन बसायची. अर्धं वाक्य ती, अर्धं बाबू. सुरुवातीला ती फक्त त्यांच्यासाठी वाचायची, औषध पाजावं तसं, नजर घड्याळावर. मग कधीतरी वाक्यं तिच्याशीच बोलायला लागली. रागावरचं एक पान होतं. ते वाचून झाल्यावर तिने ग्रंथ मिटला, डोळे मिटले, श्वास येतो-जातो तेवढाच बघत बसली, आणि मनाला विचारलं, हे पान ह्या घरात कुठं बसतं? उत्तर लगेच आलं. आपण नवऱ्याच्या अंगाखालची चादर गरजेपेक्षा जोरात ओढतो. ती स्वतःच दोन पावलं मागे सरावी इतकं खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी तिने चादर हळू काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा जोरात ओढली, पण ओढताना तिला कळलं.

पुढे हा तिचा नेमच झाला. एक पान वाचायचं, मग गप्प बसायचं, मग ते पान घरात शोधायचं. राग काही गेला नाही. राग कुठं बसतो, कधी उठतो, हे तिला दिसायला लागलं, एवढंच. आणि दिसल्यामुळे असेल, कधी कधी मोठ्या आवाजाची हाक आली तरी ती साबण पुरता धुऊन मगच बाहेर यायची. दार बंदच होतं, पण बंद दाराशी डोकं आपटणं कमी झालं. तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं, की जे वाचायला ह्या माणसाने मना केलं, ते ह्याच माणसाच्या आजाराने वाचायला लावलं.

एक पान मात्र ती वाचायची नाही. शेवटचं. तिथवर आलं की ती ग्रंथ मिटायची, फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू. बाबू तोंडाने काहीतरी आवाज काढायचे, डाव्या हाताने ग्रंथाकडे दाखवायचे. अजून एक पान आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ती दिसलं नाही असं दाखवायची. तिच्याही जवळ एक कुलूप असायला हवंच होतं.

ह्या वर्षीचा वर्षावास असाच खिडकीतून ऐकण्यात गेला. विहारात वाचायला माणूस नव्हता. पोरांना मराठी समजते, पण वाचायला बसवलं की हिंदीत घसरतात. ऐंशी गाठलेले लहानूजी भिंग लावून कसंबसं वाचत होते. अश्विनी पौर्णिमा जवळ आली तसे ते जिना चढून वर आले आणि धापा टाकत म्हणाले, शेवटचं पान बाबू वाचतील, कमिटीचं ठरलं. नंदाबाईने समजावून सांगितलं, पण म्हाताऱ्याला काही पटेना.

"त्याईले बोलता येत नाई, लहानूजी," ती म्हणाली. "पाठ आहे तेवढं निघते. स्वतःचं एक अक्षर नाई."

"काहून खोटं बोलून राहिली बाई? मी रोज खिडकीखालून ऐकतो ना. वंदना ऐकतो, ग्रंथ ऐकतो."

तिचा बारीक आवाज खाली पोचतच नव्हता, पोचत होता तो फक्त बाबूंचा. ती पुढे काही बोलणार, तोच पलंगावरून वंदना सुरू झाली. लहानूजींनी हात जोडले, बघा, ते स्वतःच हो म्हणतात. नंदाबाईने नवऱ्याकडे बघितलं. तहान नव्हती, भांडं नव्हतं, आणि ती तर समोरच होती. ह्या चालीची वंदना तिने आधी ऐकली नव्हती. त्यांना जायचं होतं, एवढंच तिला कळलं, आणि तिचं मन आंबट झालं. मरायला टेकलं तरी ह्या माणसाला तो माइक हवा.

पौर्णिमेच्या संध्याकाळी चार तरण्या पोरांनी बाबूंना खुर्चीसकट जिन्यावरून खाली नेलं. नंदाबाई मागून उतरली, पाठीमागून हाक न येता, कितीतरी दिवसांनी. विहार पांढऱ्या कपड्यांनी भरला होता. बाबूंची खुर्ची पुढे ठेवली, ग्रंथ उघडून समोर, माइक तोंडाशी. नंदाबाईचे पाय सवयीने मांडवामागे खिरीकडे वळले आणि तिने झारा हातात घेतला.

वंदना झाली. बाबूंचा आवाज माइकवरून असा घुमला की जुन्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग सगळे बसले. लहानूजींनी पानावर बोट ठेवून खूण केली, वाचा. बाबूंनी पानाकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा वंदनेची पहिली ओळ आली. लोक गडबडीने हात जोडून अर्धे उठले. बाबू थांबले, मानेच्या शिरा फुगल्या, पुन्हा तीच ओळ. आता कुणी उठलं नाही. मागे पोरं फिस्स करून हसली, कुणीतरी त्यांना दटावलं, आणि दटावणाऱ्याच्याही आवाजात हसू होतं.

नंदाबाईने झारा ढवळायचा थांबवला. तिला गोड वाटलं. खोटं कशाला सांगायचं, अगदी जिभेच्या टोकापर्यंत गोड वाटलं. भरल्या विहारात, अर्ध्या वाक्यावर, हातातून सगळं निसटलेलं, आणि लोकांचं हसू. आता कळू दे. तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं खीर ढवळत राहायचं होतं. कुणी तिला नाव ठेवलं नसतं, तिची जागा तीच तर होती.

पण रोजच्या सवयीने ती त्या गोडीकडे बघतच राहिली, चादर ओढताना स्वतःच्या हाताकडे बघायची तशी. आणि बघता बघता बाबूंचा आवाज वाढत गेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आधीपेक्षा मोठ्यानं, विहाराची भिंत दणाणेल असं. लोकांना वाटलं म्हातारा भ्रमला. त्या एवढ्या गर्दीत एकाच बाईला त्याचा अर्थ कळत होता. नंदा दिसत नाही.

तिने झारा शेजारच्या बाईच्या हातात दिला आणि पुढे गेली.

खुर्चीशेजारी खाली बसली, ग्रंथ आपल्याकडे वळवला, माइक मध्ये ओढला. पहिल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचला आणि थांबली. बाबूंनी पुढचा अर्धा म्हटला, स्वच्छ. विहारातून सुस्कारा निघाला. मग दुसरं वाक्य, तिसरं, तिची बारीक सुरुवात आणि त्यांचा भरदार शेवट. पान संपत आलं, आणि पुढे काय येतं हे नंदाबाईला न बघता माहीत होतं. इतकी वर्षं लोटली तरी त्या वाक्याचा शेवट त्याच आवाजात व्हायचा होता, आणि ह्या वेळी तिने स्वतःच ते त्याला आणून दिलं होतं.

"पेरलेलं सगळंच उगवत नाही," ती म्हणाली, "पण उगवतं ते..."

आणि थांबली. बाबू काही बोलले नाहीत. ना शिरा फुगल्या, ना तोंड उघडलं. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि मान खाली घातली. तिने अर्धं वाक्य पुन्हा म्हटलं. काही नाही. लहानूजी पुटपुटले, थकले बिचारे. विहार वाट बघत होता, माइक घूं घूं करत होता.

"...पेरलेलंच असतं," नंदाबाई म्हणाली.

तिचा आवाज माइकवरून फिरून तिच्याच कानांवर आला, तेव्हा हा कुणाचा आवाज म्हणून ती क्षणभर दचकली. मग सगळ्यांनी तीनदा साधू म्हटलं. खीर वाढताना जो तो हळहळत होता, सगळं छान म्हटलं हो बाबूंनी, शेवटच्या वाक्याला शब्द गेला. आणि त्या वर्षी खीर मात्र खरोखरच लागली होती.

घरी आल्यावर बाबू लगेच झोपले. नंदाबाईच्या डोक्यात एकच भुंगा. शब्द गेला, की सोडला? गेला असेल तर काही बोलायचं नाही, आजारी माणूस आहे. पण सोडला असेल तर? विचारावं तर उत्तर म्हणून वंदना येणार. आपण उगाच स्वतःला हवं ते बघतो आहोत, असं तिने मनाला बजावलं.

सकाळी नेहमीसारखं अंग पुसलं, चहा पाजला. खाली पानवाला टपरी उघडत होता. तिने स्टूल ओढलं, फडकं सोडलं आणि त्या खोलीत पहिल्यांदा शेवटचं पान उघडलं. बाबू तिच्याकडे बघत होते. वरची वाक्यं तिने घेतलीच नाहीत.

"पेरलेलं सगळंच उगवत नाही, पण उगवतं ते..."

"पेरलेलंच असतं." श्वास घ्यावा इतक्या सहज.

नंदाबाईचं बोट वाक्यावर तसंच राहिलं. ती म्हणाली, "म्हणजे काल येत होतं तुमाले."

बाबूंनी बोलायला तोंड उघडलं नाही. कालच्यासारखेच ओठ मिटून घेतले, कालच्यासारखीच मान खाली घातली.

मग नंदाबाईला रडू फुटलं. आवाज करून, नाक ओढत, बत्तीस वर्षांपूर्वी मांडवामागे जे रडायचं राहिलं होतं ते. ग्रंथ मांडीवर, पदर तोंडाला. ती थांबेना. तेवढ्यात पलंगावरून वंदना सुरू झाली, हळू, रेंगाळत. तहान. तिला रागही आला, ह्या माणसाला नेमकी आत्ताच तहान लागावी. पण सवयीने उठली, माठातून पेला भरला, त्यांच्या मानेखाली हात घालून पेला ओठांशी नेला.

बाबूंनी ओठ उघडले नाहीत. डाव्या हाताने पेला धरला आणि हळूहळू, थोडं पाणी सांडत, तिच्याकडे सरकवला.

ती प्यायली. खाली दूधवाल्याने घंटी वाजवली, तशी तिने तोंड धुतलं, पातेलं घेतलं आणि जिना उतरायला लागली. अर्ध्या जिन्यात पोचली, तोच मागून मोठा आवाज आला, सगळी गल्ली दणाणेल असा. पानवाल्याने वर बघून हात जोडले.

"आली," नंदाबाई म्हणाली आणि दुधासाठी पातेलं पुढे केलं.